वीस मिनिटांचे तोलेदो

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळात एका सेवानिवृत्त अधिकाऱ्यांचे प्रवासवर्णनपर व्याख्यान झाले. नऊ दिवसांत स्पेन पाहून आलेल्या या गृहस्थांनी पडद्यावर चित्रे दाखवीत सभेला दीड तास खिळवून ठेवले, हे प्रथम कबूल केले पाहिजे. बोलता बोलता तोलेदो या प्राचीन नगराचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "तोलेदो अर्ध्या दिवसात उरकते. नदीपलीकडच्या टेकडीवर गाडी वीस मिनिटे थांबते, तेथून सगळे गाव एका नजरेत येते. खाली उतरून गल्ल्याबोळांतून पाय मोडीत हिंडावे असे त्यात विशेष काही नाही." श्रोत्यांनी माना डोलावल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणी तरी विचारले ते इतकेच, की तिकडे शाकाहारी जेवणाची सोय होते काय. होते, असे उत्तर मिळाले आणि सभा चहाकडे वळली.

पाहुण्यांशी भर सभेत वाद घालू नये हा शिष्टाचार आम्ही पाळला. परंतु 'उरकते' हा शब्द त्या दिवसापासून आमच्या मनातून जात नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांचे नगर उरकावयाचे कसे? श्राद्धपक्ष उरकतात, फायली उरकतात, मुलाखती उरकतात. नगर उरकले असे जो म्हणतो त्याने ते पाहिलेच नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. आणि ते जरा विस्ताराने मांडण्यासाठी हा लेखप्रपंच.

आम्ही हे सोवळेपणाच्या उंच पाटावर बसून लिहीत नाही, हेही आरंभीच सांगून टाकतो. पहिल्या खेपेस आम्ही स्वतः याच पापाचे धनी झालो. माद्रिदहून निघालेल्या मोटारीत चाळीस माणसांत आम्ही दोघे होतो. ताहो नदीच्या दक्षिण तीरावरील त्या सज्जावर आम्हांला उतरवण्यात आले. समोर नदीने तीन अंगांनी वेढलेला खडक, त्यावर गर्दी करून बसलेली मातकट घरे, मधोमध प्रधान ख्रिस्तमंदिराचा मनोरा, उजवीकडे चार बुरुजांचा चौकोनी आल्कासार. दृश्य खरोखर अप्रतिम होते. आम्ही छायाचित्रे काढली, मार्गदर्शकाने घड्याळ पाहिले, आणि आम्ही सगळे पुन्हा मोटारीत बसलो. पुढे तलवारींच्या आणि सोन्याच्या तारा ठोकून केलेल्या नक्षीकामाच्या एका दुकानात मात्र आमचा पाऊण तास मोडला. रात्री हॉटेलात सौभाग्यवतींनी सहज विचारले, "त्या गावात माणसे राहतात का हो?" आम्हांला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या खेपेस आम्ही चार दिवसांची रजा फक्त तोलेदोसाठी राखून ठेवली, ती त्या प्रश्नाच्या लाजेने.

आता त्या सज्जावरून काय दिसते ते नीट पाहू. दिसते ते ख्रिस्तमंदिर आणि दिसतो तो आल्कासार. म्हणजे ज्यांनी हे नगर जिंकले आणि ज्यांनी त्यावर राज्य केले, त्यांच्याच वास्तू तेवढ्या दिसतात. यात नवल नाही. जिंकणारा नेहमी उंच बांधतो. दुरून दिसावे म्हणूनच बांधतो. ज्यांचे नगर गेले, ज्यांना घराला कुलूप घालून निघावे लागले, त्यांच्या वास्तू उतारावर, आळींच्या आत, भिंतींच्या आड असतात. दहाव्या शतकातील मशीद तोलेदोच्या उत्तर उतारावर आहे. दक्षिणेच्या सज्जावरून ती दिसणे शक्यच नाही. म्हणजे वीस मिनिटे उभे राहून आपण पाहतो ते नगर नव्हे. विजेत्यांनी आपल्यासाठी मांडून ठेवलेले चित्र आपण पाहतो. दुरून पाहण्यात केवळ तपशील हरवतो असे नाही, तर हरलेला पक्ष हरवतो. आमचा मुख्य आक्षेप आहे तो हाच. पायी हिंडणे ही हौस नाही आणि व्यायामही नाही. इतिहासातील दुसऱ्या बाजूची साक्ष काढण्याचा तेवढाच एक मार्ग सामान्य प्रवाशाच्या हाती असतो.

दुसऱ्या खेपेस आम्ही आगगाडीने गेलो. माद्रिदहून जलद गाडीला जेमतेम अर्धा तास लागतो. १९१९ साली बांधलेले, विटांच्या नक्षीकमानींचे स्थानक सोडून पायी निघाले की पाव तासात आल्कान्तारा पूल लागतो. पूल मुळात रोमन लोकांचा. पुढे मोडला, पुन्हा बांधला गेला. 'अल्-कन्तरा' या अरबी शब्दाचा अर्थच पूल. तेव्हा 'आल्कान्तारा पूल' म्हणजे 'पूल पूल' झाले. भाषा गेली, राज्य गेले, पण नाव पुलाला चिकटून राहिले. पूल ओलांडला की चढ सुरू होतो. आणि हा चढ दम लागून चढल्याखेरीज या नगराच्या इतिहासातले एक प्रकरण समजत नाही.

ते प्रकरण पाण्याचे आहे. तिन्ही बाजूंना नदी आणि वर पाण्याचा दुष्काळ, अशी तोलेदोची जुनी स्थिती होती. पाणी गाढवांच्या पाठीवरून वर येई. हुआनेलो तुर्रियानो या इटालियन घड्याळकाराने पाणचक्क्यांच्या बळावर चालणारे एक विलक्षण यंत्र उभारून १५६९ साली नदीचे पाणी सुमारे १०० मीटर वर, आल्कासारापर्यंत चढवले. त्या काळी साऱ्या युरोपात त्याचा बोलबाला झाला. पण दैवगती अशी, की दुसऱ्या फिलिप राजाने आपला दरबार त्याआधीच, १५६१ साली, माद्रिदला हलवला होता. पाणी वर पोहोचले तेव्हा राजा निघून गेलेला! शिवाय पाणी राजवाड्यातच राहते, नगराला मिळत नाही, म्हणून नगरपालिकेने पैसे देण्याचे नाकारले. त्याने दुसरे यंत्र बांधले, कर्जात बुडाला, आणि १५८५ साली तोलेदोतच विपन्नावस्थेत वारला. सरकारी काम वेळेत पुरे करूनही ज्याचे बिल मंजूर झाले नाही, अशा त्या कारागिराबद्दल आमच्या वाचकवर्गास अधिक सांगावयास नकोच. सांगावयाचे ते इतकेच, की हे सर्व आम्ही पूर्वी पुस्तकात वाचले होते. पण पुलापासून सोकोदोवेर चौकापर्यंत तीन वेळा थांबून धापा टाकीत चढलो, तेव्हा त्यातील 'वर' या एका शब्दाचा अर्थ प्रथम कळला.

सोकोदोवेर हे नावही अरबीच. 'सूक' म्हणजे बाजार, आणि हा गुराढोरांचा बाजार होता. आज तेथे उपाहारगृहांच्या खुर्च्या आहेत. चौकातून उत्तरेकडे थोडे उतरले की ती मशीद लागते. तिचे आजचे नाव 'क्रिस्तो दे ला लूस'. आपल्याकडच्या एखाद्या लहान देवळाच्या सभामंडपाएवढी, आठेक मीटर बाजूची चौरस वास्तू. आत चार खांब, वर नऊ छत, आणि नवांतील एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. दर्शनी भिंतीवर विटांनीच अक्षरे काढलेला अरबी लेख आहे. अहमद इब्न हदीदी याने स्वखर्चाने ही मशीद बांधली आणि ती हिजरी ३९० मध्ये, म्हणजे इसवी सन ९९९ मध्ये पुरी झाली, असे तो सांगतो. बाराव्या शतकात तिला पूर्वेकडे गर्भागारासारखा अर्धवर्तुळाकार भाग जोडून तिचे ख्रिस्तमंदिर करण्यात आले. तो जोड उघड्या डोळ्यांना दिसतो. समोरच्या फरसबंदीत एक पांढरा दगड आहे. १०८५ साली सहाव्या आल्फोन्सोने नगरात प्रवेश केला तेव्हा त्याचा घोडा येथे गुडघे टेकून बसला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न बाजूस ठेवू. पण दगड पाहावयाचा असेल तर मान खाली घालून चालले पाहिजे.

तोलेदोला 'तीन संस्कृतींचे नगर' म्हणण्याची आज प्रथा आहे. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती येथे गुण्यागोविंदाने नांदले, असे मार्गदर्शक ध्वनिक्षेपकावरून सांगतो आणि मोटार पुढे जाते. हे वाक्य खोटे नाही. पण अर्धे आहे. उरलेले अर्धे पायांना सापडते. नगराच्या पश्चिम भागात ज्यूंची आळी होती. तेथे 'सान्ता मारिया ला ब्लान्का' हे मंदिर आहे. आत शिरताच नालेच्या आकाराच्या कमानींच्या शुभ्र रांगा दिसतात आणि आपण मशिदीत आलो असे वाटते. वस्तुतः हे ज्यूंचे प्रार्थनागृह. बांधणारे हात मुसलमान शैलीत घडलेले. राज्य ख्रिस्ती राजाचे. आणि नाव मेरीमातेचे, कारण पंधराव्या शतकाच्या आरंभी ते ज्यूंकडून काढून घेण्यात आले. पहिल्या अर्ध्या वाक्याची साक्ष कमानी देतात, दुसऱ्याची साक्ष वेदी देते, आणि दोन्ही साक्षी एकाच छपराखाली आहेत.

तेथून पाच मिनिटांवर 'एल त्रान्सितो' आहे. पेद्रो राजाचा खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकाच्या मध्यास ते बांधले. भिंतींच्या वरच्या पट्ट्यांत हिब्रू अक्षरे कोरलेली, नक्षीत अरबी शब्द गुंफलेले, आणि त्यांतच कास्तील राज्याची राजचिन्हे. राजनिष्ठेचा याहून स्पष्ट पुरावा कोणी द्यावयाचा? तरी त्याच राजाने त्या खजिनदारास तुरुंगात टाकले आणि छळात त्याचा अंत झाला. १३९१ साली ज्यूंची कत्तल झाली. १४४९ साली याच नगरात, धर्म बदललेल्या ज्यूंच्या वंशजांनाही अधिकारपदे मिळू नयेत असा ठराव झाला. बाटूनही सुटका नाही, असा त्याचा अर्थ. १४९२ साली उरलेल्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. आळीच्या टोकाशी 'सान हुआन दे लोस रेयेस' हा मठ उभा आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या टांगलेल्या आहेत. ग्रानादाच्या मुसलमान राज्यातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या पायांतल्या त्या बेड्या. म्हणजे बेड्या त्याही बाजूने घालण्यात आल्या होत्या. जो 'येथे सगळे सुखाने नांदत होते' असे म्हणतो, त्याला ज्यू आळीतून चालवावे. आणि जो 'येथे एका पक्षाने दुसऱ्यावर केवळ अत्याचारच केले' असे म्हणतो, त्याला या साखळ्यांखाली आणि त्या कमानींखाली आळीपाळीने उभे करावे. दोघांचीही घोषणा तेथे अडखळते. एका वाक्यात नगर सांगणारे लोक स्पेनमध्येच आहेत असे नाही, आणि त्यांच्यामुळे होणारे नुकसान तेवढ्या देशापुरतेच राहत नाही, हे वाचकांस ठाऊक आहे.

यावर एक प्रतिवाद आम्हांस ठाऊक आहे. लोक म्हणतात, "चित्रकार एल ग्रेकोनेसुद्धा तोलेदो दुरूनच रंगवले ना?" होय, रंगवले. परंतु हा क्रीट बेटावरचा माणूस १५७७ साली तोलेदोत आला आणि १६१४ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. या नगराशी त्याचे मोबदल्यावरून तंटे झाले, आणि येथल्याच सान्तो तोमे देवळासाठी त्याने आपले सर्वांत गाजलेले चित्र काढले. आपले नाव मात्र तो अखेरपर्यंत ग्रीक लिपीतच लिहीत राहिला. नगराच्या एका देखाव्यात त्याने ख्रिस्तमंदिर त्याच्या जागेवरून उचलून आल्कासाराच्या शेजारी नेऊन ठेवले. दुसऱ्या चित्रात एक रुग्णालय ढगावर बसवले, कारण जागच्या जागी ते बिसाग्रा वेस झाकून टाकीत होते, आणि तसे करण्याचे कारण त्याने चित्रातच लिहून ठेवले. सदतीस वर्षे ज्याच्या पायांखालून त्या आळ्या गेल्या, त्याला मंदिर हलवण्याचा अधिकार पोहोचतो. वीस मिनिटे उभे राहून ज्याला ते शोधावे लागते त्याने त्याचा दाखला देऊ नये.

दुसरे आक्षेपक व्यवहाराचे बोलतात. रजा थोडी, परकीय चलन महाग, गुडघे दुखरे. रजेविषयी आमचे उत्तर असे, की थोड्या रजेत अधिक गावे पाहण्याऐवजी थोडी पाहावीत. नऊ दिवसांत सात नगरे पाहणाऱ्याने सात हॉटेलांच्या पायऱ्या पाहिलेल्या असतात. खर्चाविषयी तर बोलावयासच नको. पुलाला, चढाला, पांढऱ्या दगडाला, भिंतीवरच्या साखळ्यांना तिकीट नाही. राहिले गुडघे. हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याची थट्टा आम्ही करणार नाही. तोलेदोकरांनीही केली नाही. १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या नगराने २००० साली तटबंदीच्या पोटातून सरकते जिने बसवले. लापेन्या आणि तोरेस या वास्तुशिल्पींनी ते टेकडीच्या पोटात अशा खुबीने दडवले, की तटाला बाध आला नाही. काही शुद्धतावादी त्यावर नाके मुरडतात. आम्ही त्यांच्या पक्षाचे नाही. वर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईला भाजीची पिशवी घेऊन घरी जाता आले पाहिजे; ती आहे म्हणून ते नगर आहे, नाही तर नुसते संग्रहालय. ज्याचे गुडघे दुखतात त्याने जिन्याने वर जावे आणि उतरणीने चालत यावे. दहा आळ्या झेपत नसतील तर एक चालावी. आमचा वाद पायांच्या अशक्तपणाशी नाही. न पाहताच 'पाहिले' म्हणण्याशी आहे.

त्या म्हाताऱ्या बाईचा उल्लेख आम्ही उगाच केला नाही. सुमारे ८५,००० वस्तीच्या या शहरातील बहुतेक लोक आज तटाबाहेरच्या नव्या भागांत राहतात. संध्याकाळी शेवटच्या मोटारी गेल्या की वरच्या गल्ल्या ओस पडतात. आम्ही मुक्कामाला होतो म्हणून ती वेळ पाहिली. दोन घरांना जोडणाऱ्या, वरून छपराने झाकलेल्या बोळांतून आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येत होता. एका दारात एक आजोबा खुर्ची टाकून बसले होते. त्यांची भाषा आम्हांस येत नव्हती, आमची त्यांना. त्यांनी वर बोट दाखवले. दोन भिंतींमधल्या फटीतून चंद्र दिसत होता. सौभाग्यवतींना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, दोन वर्षांनी.

आता जे सांगावयाचे आहे ते आमच्याच लोकांना, आणि थोडे कटू आहे. 'उरकण्या'ची ही दृष्टी आपण परदेशात जाऊन शिकलो नाही. ती आपण येथूनच बरोबर नेतो. ती दौऱ्याची दृष्टी आहे. गाडी थांबते, हाताखालचे लोक पुढे येतात, दाखवावयाचे ते दाखवतात, आपण शेरा लिहितो आणि गाडी सुटते. नोकरीत ते अपरिहार्य असेल. परंतु पस्तीस वर्षे दौरा केलेल्या मनाला दौऱ्याखेरीज दुसरे पाहणेच उरत नाही, ही आमची खरी खंत आहे. अहमदाबादेत सहा वर्षे काढून तेथल्या एका पोळात पाऊल न टाकलेले, लखनौत चार वर्षे राहून जुन्या चौकात केवळ पाहुण्यांना घेऊन गेलेले, हैदराबादेत घर बांधूनही चारमिनारच्या मागची आळी न पाहिलेले मराठी अधिकारी आम्हांस डझनाने ठाऊक आहेत. आम्हीही त्यांतलेच. आणि हेच आपण सारे मंडळाच्या सभांत तक्रार करतो, की इकडच्या लोकांना पुण्याची पेठ म्हणजे काय ते समजत नाही!

तोलेदोत अकराव्या शतकात एक काझी होता. त्याचे नाव साईद. जन्म आल्मेरियाचा, नोकरी तोलेदोत; म्हणजे आपल्यासारखाच घरापासून दूर नेमणूक झालेला अधिकारी. १०६८ साली त्याने एक ग्रंथ लिहिला. कोणकोणत्या राष्ट्रांनी शास्त्रांची जोपासना केली याची त्यात गणना आहे, आणि पहिले स्थान त्याने हिंदुस्थानाला दिले आहे. आपल्या सिद्धान्तग्रंथांची बगदादमार्गे अरबीत गेलेली परंपरा त्याला ठाऊक होती. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती त्याची एक कबुली. तो देश फार दूर असल्यामुळे त्यांचे ग्रंथ आमच्यापर्यंत थोडेच पोहोचले, असे तो स्वच्छ सांगतो. जे पाहिले नाही ते पाहिले नाही असे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा हजार वर्षांपूर्वीच्या त्या काझीजवळ होता. त्याच्या गावात वीस मिनिटे थांबून आलेल्या आमच्या व्याख्यात्यांना तेवढे एक वाक्य बोलता आले असते, तर हा लेख आम्ही लिहिलाच नसता.

तोलेदोला जाणे सर्वांस घडेल असे नाही, आणि घडलेच पाहिजे असेही नाही. परंतु बदली तर सर्वांस घडते. नव्या गावी सामान लागले, मुलांचे शाळाप्रवेश झाले, की पहिल्या रविवारी सरकारी गाडी बंगल्यात ठेवावी, शिपायास सुट्टी द्यावी, आणि त्या गावचा गुरांचा बाजार कोठे भरत होता हे विचारीत पायी निघावे.